दूरचे विद्यापीठ, पायाखालची जमीन : जालना आणि पर्यावरणशास्त्राची पदवी

१/१४
जालना जिल्ह्यातील एखाद्या गावात राहून, शेती किंवा नोकरी सांभाळत, आज दूरशिक्षणाने पर्यावरणशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेता येते. ही सोय साधी वाटते. पण तिच्यामागे साठ वर्षांचा इतिहास आहे. या इतिहासात कला-वाणिज्याचे दार आधी उघडले, विज्ञानाचे फार उशिरा. असे का घडले, हे सांगणारा हा थ्रेड.

२/१४
प्रथम अंतर समजून घ्यावे लागते. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले, तेही हैदराबादला आणि उर्दू माध्यमाचे. मराठी घरातील मुलाला उच्च शिक्षणासाठी दोन अंतरे कापावी लागत : एक रेल्वेचे, दुसरे भाषेचे. औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी.

३/१४
विद्यापीठ साठ किलोमीटरवर आले, तरी रोज जाणे-येणे किंवा शहरात खोली घेणे सर्वांना परवडणारे नव्हते. याच सुमारास देशात पोस्टाने शिक्षण देण्याचा विचार पुढे आला. १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. कोठारी आयोगानेही (१९६४-६६) या मार्गाचा विस्तार सुचवला. मात्र एक अडचण उघड होती. इतिहासाचा धडा लिफाफ्यात मावतो. सूक्ष्मदर्शक, रसायने आणि चंचुपात्रे मावत नाहीत.

४/१४
ही अडचण सोडवण्याचा गंभीर प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या तेथील मुक्त विद्यापीठाने विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना प्रयोगसाहित्याच्या पेट्या घरी पाठवल्या आणि उन्हाळी निवासी वर्गांत प्रत्यक्ष प्रयोग करून घेतले. विज्ञान दुरून शिकवता येते, हे सिद्ध झाले. त्याचबरोबर ते स्वस्तात शिकवता येत नाही, हेही सिद्ध झाले.

५/१४
१९७२ हे वर्ष या कथेत दोनदा येते. जूनमध्ये स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणावरील संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली आणि पर्यावरण हा जागतिक चर्चेचा विषय झाला. त्याच पावसाळ्यात महाराष्ट्रात पावसाने दगा दिला. मराठवाड्यातील माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, पाझर तलावांची माती वाहत होती. मृदा आणि जलसंधारण त्यांच्या हातून घडत होते. त्याचे शास्त्र शिकण्याची वाट मात्र त्यांच्यासाठी नव्हती.

६/१४
भारतातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबादला उभे राहिले. ज्या शहरात एकेकाळी जालन्याच्या मुलांना जावे लागे, त्याच शहरातून आता विद्यापीठ विद्यार्थ्याकडे जाऊ लागले, हा इतिहासातील लक्षणीय योग. त्याचे पहिले कुलगुरू प्रा. जी. राम रेड्डी हेच पुढे १९८५ च्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे, म्हणजे इग्नूचे, पहिले कुलगुरू झाले.

७/१४
दरम्यान १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. औरंगाबाद जिल्ह्यातील तालुक्यांना परभणीच्या परतूरची जोड मिळाली. १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू, आणि ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. जागोजागीच्या महाविद्यालयांतच अभ्यासकेंद्रे सुरू झाली आणि पुस्तके मराठीत आली.

८/१४
या विद्यापीठाचा खरा क्रांतिकारक निर्णय म्हणजे पूर्वतयारी अभ्यासक्रम. बारावी न झालेली व्यक्तीही तो पूर्ण करून पदवीला प्रवेश घेऊ शकत होती. लग्नामुळे शाळा सुटलेली स्त्री, ऊसतोडीला जाणारा तरुण, यांना पदवीची वाट दिसली. पण ही वाट विज्ञानाकडे वळत नव्हती. विज्ञान पदवीला शालेय विज्ञानाचा पाया लागतो आणि हजेरीसह प्रयोगशाळाही लागते. मुक्त शिक्षणातही एक कुंपण उरलेच.

९/१४
पर्यावरणाचा विषय शिक्षणात आला तो वेगळ्या मार्गाने, न्यायालयातून. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने पर्यावरणरक्षण हे राज्याचे धोरण आणि नागरिकाचे कर्तव्य ठरवले. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले : चित्रपटगृहांत पर्यावरणाच्या पाट्या दाखवा, शाळांत टप्प्याटप्प्याने हा विषय सक्तीचा करा, आणि विद्यापीठांतही तो शिकवण्याचा विचार करा.

१०/१४
पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातील डॉ. इराक भरूचा यांनी सिद्ध केले. यामुळे दुरून बी. ए. करणाऱ्यालाही पर्यावरणाची ओळख झाली. तथापि एक पेपर म्हणजे पदवी नव्हे. पर्यावरणशास्त्रात रसायन, परिसंस्था, भूशास्त्र, संख्याशास्त्र, उपग्रहचित्रांचे वाचन हे सारे येते, आणि पाण्याचा नमुना स्वतः तपासावा लागतो. या विषयातील एम. एस्सी. इग्नूने सुरू केली ती अगदी अलीकडे.

११/१४
दुरून मिळवलेल्या पदवीला मोल किती, हा प्रश्नही होताच. १९९१ पासून इग्नूअंतर्गत असलेली दूरशिक्षण परिषद २०१३ मध्ये विसर्जित होऊन नियंत्रण अनुदान आयोगाकडे आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी मान्यतेविना दुरून दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर कठोर निर्णय दिला. प्रात्यक्षिकाविना तंत्रशिक्षण नाही, ही भूमिका त्यातून ठळक झाली. दुसरीकडे २०२० च्या नियमांनी मान्यताप्राप्त दूरशिक्षण पदवीला नियमित पदवीची समकक्षता दिली.

१२/१४
आता जालन्याकडे पाहावे. कडवंची गावात १९९० च्या दशकात पाणलोटाचे काम झाले. खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र आणि मराठवाडा शेती साहाय्य मंडळ त्यात होते, विजयअण्णा बोराडे हे त्याचे अध्वर्यू. बांधबंदिस्ती, नाल्यांवरील कामे आणि नंतरची शेततळी यांमुळे कोरडवाहू गावात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. त्याच जिल्ह्यात २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळल्या. जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळया करणाऱ्या भट्ट्या आहेत, आणि निजामकालीन घाणेवाडी तलावाचा गाळ काढण्यासाठी नागरिक एकत्र आले. भूजल, मृदा, हवा, जलाशय : अभ्यासक्रमातील जवळजवळ प्रत्येक प्रकरण येथे घराबाहेर उभे आहे.

१३/१४
म्हणूनच दूरशिक्षणाचा प्रश्न येथे सोयीपुरता राहत नाही. पूर्ण वेळ शिकायला बाहेर गेलेला विद्यार्थी बहुधा बाहेरच राहतो. गावात राहून शिकणारा मात्र आपल्याच विहिरीची पातळी वर्षभर मोजू शकतो, प्रकल्पाचा विषय आपल्याच शिवारातून निवडू शकतो. त्याच्यासमोर दोन अडथळे आजही आहेत. वरच्या पातळीवरचे अभ्याससाहित्य मुख्यतः इंग्रजीत आहे, आणि प्रात्यक्षिकांसाठी प्रयोगशाळा असलेले केंद्र गाठावेच लागते, प्रसंगी रजा टाकून व मजुरी बुडवून.

१४/१४
उस्मानियाच्या काळात जी दोन अंतरे होती, प्रवासाचे आणि भाषेचे, तीच थोड्या बदललेल्या रूपात येथे पुन्हा भेटतात. १९७२ मध्ये पाझर तलावांची माती वाहणाऱ्या पिढीची नातवंडे आज विद्यार्थ्यांच्या वयाची आहेत. आजोबांनी बांधलेल्या तलावात पाणी का टिकले किंवा का टिकले नाही, हे मोजून, मांडून, स्वतःच्या भाषेत सांगणे त्यांना शक्य व्हावे. त्यासाठी तालुक्याच्या महाविद्यालयातील प्रयोगशाळा रविवारीही उघडी राहणे आणि चांगली मराठी पाठ्यपुस्तके निघणे, एवढी तरी सोय व्हायला हवी.