मूक मेंदू आणि मृत मेंदू : एका भेदाचा इतिहास



पक्षाघाताकडे मानवाने शतकानुशतके दैवाचा प्रहार म्हणूनच पाहिले. इंग्रजीतील ‘स्ट्रोक’ या शब्दाचा अर्थही तडाखा असाच आहे. तडाखा बसला, गेले ते गेले, ही समजूत पहिल्यांदा ढळली ती औषधाने नव्हे, तर मोजमापाने. मेंदूला किती ऊर्जा लागते, हा तो वरवर कोरडा वाटणारा प्रश्न होता.

फिलाडेल्फिया येथे सीमोर केटी व कार्ल श्मिट यांनी जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तप्रवाह मोजण्याची पद्धत सिद्ध केली. स्वयंसेवकाने अल्प नायट्रस ऑक्साइड मिसळलेली हवा दहा मिनिटे श्वासावाटे घ्यावयाची आणि त्याच्या धमनीतील व मानेच्या शिरेतील रक्त तपासावयाचे. १९४८ साली त्यांनी दिलेल्या आकड्यांनुसार मेंदूच्या दर १०० ग्रॅममधून मिनिटाला सुमारे ५४ मिलिलिटर रक्त वाहते. देहाच्या वजनाचा जेमतेम २ टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतही देहाला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के वापरतो. १९५५ साली लुई सोकोलॉफ व सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना गणिते घातली, तरी मेंदूचा एकूण खर्च वाढला नाही. ही चूल अहोरात्र पेटलेलीच असते. इंधनाचा साठा मात्र जवळजवळ नसतो.

मग रक्त कमी पडले तर? १९७० च्या दशकात लंडनमध्ये लिंडसे सायमन व सहकाऱ्यांनी बबून माकडांवर याचा शोध घेतला. प्रवाह १५ ते २० मिलिलिटरांच्या खाली गेला की पेशींचे विद्युत्-संदेश थांबतात. तो सुमारे १० च्या खाली उतरला की पेशींतील पोटॅशियम बाहेर पडते आणि त्या मरणपंथाला लागतात. या दोन उंबरठ्यांमधील पेशी मूक असतात, मृत नसतात. आस्ट्रुप, सीस्यो व सायमन यांच्या १९८१ च्या लेखाने या पट्ट्यासाठी ग्रहणातील ‘उपच्छाया’ ही संज्ञा रूढ केली.

उपच्छाया फार काळ टिकत नाही. म्हणून घड्याळाला महत्त्व आले. गुठळी विरघळविणारे औषध तीन तासांच्या आत दिल्यास अधिक रुग्ण सावरतात, हे १९९५ साली अमेरिकेत सिद्ध झाले. रक्तस्रावाने झालेल्या पक्षाघातात ते घातक ठरते, यास्तव आधी सीटी स्कॅन आवश्यक असतो. २०१५ साली धमनीतून नळी घालून गुठळी काढण्याचे उपचार यशस्वी ठरले. २०१८ पासून, वाचविण्याजोगा भाग चित्रणात दिसत असलेल्या निवडक रुग्णांसाठी ही मुदत २४ तासांपर्यंत गेली.

मृत पेशी मात्र परत येत नाहीत. तरीही रुग्ण सुधारतो, ते कसे? इजेपासून दूरचे भागही काही काळ स्तब्ध होतात व पुढे जागे होतात, असे फॉन मोनाकोव्ह यांनी १९१४ सालीच मांडले होते. १९९६ साली रँडॉल्फ नूडो व सहकाऱ्यांनी माकडांत दाखवून दिले की, दुबळ्या हाताला सराव दिल्यास इजेलगतचा हाताचा प्रदेश टिकून राहतो. काहींत तर तो विस्तारतो.

तेव्हा तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, वाचा अडखळली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. आणि पुढील महिन्यांत व्यायामाचा कंटाळा करू नये, त्यालाही करू देऊ नये. केटींच्या मोजमापापासून सुरू झालेल्या या संशोधनाने आपल्या हाती दिलेले हे दोन आधार आहेत.