जत्रेतला जुना आकाशपाळणा ‘नवा’ करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

पौष पौर्णिमा जवळ आली की मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत एकच विषय असतो, म्हसा यात्रा. मुरबाड-कर्जत रस्त्यावरच्या म्हसा गावात खांबलिंगेश्वराची ही यात्रा भरते. शेतकरी बैलबाजारासाठी येतात, म्हातारी माणसं घोंगडी घ्यायला येतात, तमाशाला कोण येतं ते सांगायला नको. आणि पोरं येतात ती पाळण्यासाठी. किन्हवली-सरळगावमार्गे येणारा शहापूरकर असो की कल्याणहून एसटीने येणारा चाकरमानी, पोरांचं बोट आधी त्या उंच, लखलखत्या चाकाकडेच जातं.

चाकावरचा रंग ताजा असतो, एलईडी दिवे नवे असतात, भोंग्यावरची गाणीसुद्धा याच वर्षीची. पण लोखंड किती वर्षांचं आहे? पोराला वर पाठवताना आई-बापाच्या मनात येणारा हा प्रश्न अगदी रास्त आहे. आज तोच उलगडून बघू. आणि त्यासोबत पाळण्यासमोरची रांगसुद्धा, कारण ती पाळण्याच्या बाहेरची गोष्ट आहे असं आपल्याला उगाच वाटतं.

लोखंड थकतं म्हणजे काय होतं?

म्हशाहून कर्जतमार्गे पुढे गेलं की खोपोलीजवळ इमॅजिका आहे, २०१३ साली सुरू झालेलं. तिथली ‘नायट्रो’ रोलर कोस्टर एकदा पायात रोवली ती रोवली, तिथून हलत नाही. जत्रेतल्या पाळण्याचं तसं नाही. तो एका गावात उभा राहतो, काही दिवसांनी सुटा होऊन ट्रकवर चढतो, खड्ड्यांतून हादरत पुढच्या गावी जातो आणि पुन्हा जोडला जातो. म्हणजे फिरण्याने जेवढी झीज होते, त्यात या जोडण्या-सोडण्याची भर पडते.

एखादी तार हातात धरून एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहिलात तर काही वेळाने ती तुटते. जोर फार लावलेला नसतो, पण तोच ताण पुन्हा पुन्हा आलेला असतो. पाळण्याच्या दांड्यांचं हेच होतं. चाक फिरताना प्रत्येक दांडीवर कधी ओढ येते, कधी दाब. हजारो फेऱ्यांनंतर केसाएवढी बारीक चीर पडते, आणि ती बहुतेक वेळा वेल्डिंगच्या कडेला किंवा बोल्टच्या भोकाशी सुरू होते. ही चीर हळूहळू वाढते आणि एके दिवशी, अगदी नेहमीच्याच गर्दीत, दांडी दगा देते.

आता यात रंगाचं काम काय? रंग गंजापासून वाचवतो हे खरं. पण जुन्या रंगावर नवा जाड थर चढवला की ती चीर झाकली जाते. म्हणून ‘यंदा पाळणा नवा केलाय’ असं कुणी म्हटलं तर माझा पहिला प्रश्न असतो, आधी रंग खरवडला होता का? खरी दुरुस्ती तिथून सुरू होते. जोडांवरचा रंग काढायचा, लोखंड स्वच्छ करायचं, त्यावर लाल रंगाचा पातळ द्रव लावायचा, थोडा वेळ थांबून पुसून टाकायचा आणि वरून पांढरी पावडर फवारायची. चीर असेल तर तिच्यात मुरलेला लाल द्रव पांढऱ्यावर रेघ होऊन उमटतो. कारखान्यांत आणि वर्कशॉपमध्ये ही तपासणी रोजची आहे. पाळण्याच्या मुख्य शाफ्टसारख्या जाड भागात आत दडलेली चीर शोधायला अल्ट्रासाउंड वापरतात, तत्त्व पोटाच्या सोनोग्राफीचंच.

मग येतात खिळा, म्हणजे पिना, आणि नटबोल्ट. दर वेळी काढा-घालायच्या असल्याने त्यांची भोकं लांबट होतात, आटे झिजतात. पिन सुटून पडू नये म्हणून तिच्या टोकाला अडकवायची छोटी क्लिप असते. ती हरवली तर तिच्या जागी बांधायची तार किंवा मोठा खिळा ठोकला जातो. अख्ख्या पाळण्यात सगळ्यांत स्वस्त वस्तू हीच असेल, आणि अख्खा डबा तिच्यावर लटकलेला असतो!

जमिनीचंही तसंच. हा सगळा भाताचा पट्टा. खाचरातली माती हिवाळ्यात वरून टणक वाटते, पण पाण्याचा टँकर सांडला किंवा अवकाळी पाऊस झाला की एक पाय खचतो. म्हणून पायाखाली रुंद ठोकळे घालून वजन पसरवायचं, पाणसळ लावून चाक सरळ आहे ना ते बघायचं, आणि हे पहिल्याच दिवशी नाही तर रोज संध्याकाळी करायचं.

पाया पक्का असला म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही बरं का. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळच्या उद्यानात लंबकासारखी झुलणारी राइड मधूनच मोडून खाली आली. दोघांचा जीव गेला, पंचवीसहून जास्त जखमी झाले. ती राइड जत्रेतली नव्हती, एकाच जागी उभी होती. लोखंडाचा थकवा पत्ता विचारून येत नाही.

नोव्हेंबर २०२४ मधली उत्तर प्रदेशातल्या कनौज जिल्ह्यातली बातमी तुमच्याही फोनवर आली असेल. पाळण्यात बसलेल्या एका मुलीचे केस फिरत्या भागात अडकले आणि ती गंभीर जखमी झाली. असं घडू नये म्हणून फिरता शाफ्ट, पट्टा आणि गिअर जाळीने किंवा पत्र्याने पूर्ण झाकावे लागतात. खर्चाच्या मानाने यापेक्षा जास्त उपयोगाची सुधारणा मला तरी माहीत नाही.

व्हिएन्नाने अर्धे डबे काढून टाकले

ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात १८९७ सालचा एक आकाशपाळणा अजून फिरतोय, उंची जवळपास ६५ मीटर. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, तो जळाला. १९४७ मध्ये दुरुस्त करून पुन्हा सुरू केला तेव्हा एक निर्णय घेतला गेला. आधी त्याला ३० डबे होते, नंतर फक्त १५ लावले. एक आड एक डबा कायमचा गेला. सांगाडा जुना आणि आगीतून निघालेला, तेव्हा त्याच्यावरचा भार कमी केला, इतका साधा हिशेब. आजही त्याला १५च डबे आहेत आणि लोक आनंदाने बसतात.

आपल्याकडे जुना पाळणा ‘अपडेट’ झाला की बहुतेक वेळा उलटं होतं. जास्त दिवे, मोठे कार्टूनचे चेहरे, डब्यांना नवी छपरं. वजन वाढतं आणि वारा अडवणारा पृष्ठभागही वाढतो. सांगाडा मात्र तोच. हलके एलईडी आले ते एका अर्थी बरंच झालं.

आता रांगेकडे वळू

रांग म्हणजे नुसता वैताग, असं आपण समजतो. जरा आकडे मांडून बघा. समजा पाळण्याला १२ डबे आहेत आणि प्रत्येकात ४ जण, म्हणजे एका वेळी ४८. एक डबा रिकामा करून पुन्हा भरायला अर्धा मिनिट लागला तर सगळ्यांना मिळून ६ मिनिटं. मग ३ मिनिटं सलग फेरी. ९ मिनिटांत ४८ माणसं, म्हणजे तासाला ३२०. रांगेत २०० जण असतील तर शेवटच्याला साधारण ३७-३८ मिनिटं उभं राहावं लागेल.

गर्दी वाढली की पाळणेवाला काय करतो? फेरी आखडतो. ३ मिनिटांची २ केली की तासाला ३६० माणसं होतात आणि शेवटच्याची वाट ३३ मिनिटांवर येते. तिकीट काढलेल्यांची एक तृतीयांश मजा गेली आणि वाचली जेमतेम चार-पाच मिनिटं. त्याऐवजी फेरी ३ मिनिटांचीच ठेवली आणि डबा भरायचा वेळ ३० वरून २० सेकंदांवर आणला तर? ७ मिनिटांत ४८, तासाला ४११, शेवटचा माणूस २९ मिनिटांत वर! वेळ चाकात नाही, दारात जातो.

हे शिकागोवाल्यांना १८९३ सालीच कळलं होतं. जॉर्ज फेरिस यांनी तिथल्या जागतिक प्रदर्शनात उभारलेल्या पहिल्या ‘फेरिस व्हील’ला ३६ डबे होते आणि प्रत्येकात ६० माणसं मावायची. एकेक डबा भरत बसले असते तर दिवस संपला असता. म्हणून चढण्या-उतरण्याच्या सहा जागा केल्या होत्या. पहिल्या फेरीत चाक सहा वेळा थांबायचं, दर थांब्याला सहा डबे एकदम भरायचे, आणि दुसरी फेरी न थांबता व्हायची. लंडनच्या २००० सालच्या ‘लंडन आय’ने तर चढवण्यासाठी थांबणंच जवळजवळ बंद केलं. ते इतकं हळू फिरतं की माणसं चालत्या चाकात पाऊल टाकतात.

जत्रेत असं काही जमणार नाही, पण दारातले दहा सेकंद नक्की वाचतात. चढायचं आणि उतरायचं दार वेगळं ठेवायचं. कूपन दारात न तपासता रांगेतच तपासायचं. चार-चारांचे गट आधीच पाडायचे. आणि मुलांची उंची मोजायची खूण रांगेच्या सुरुवातीला लावायची, शेवटी नाही. अर्धा तास ताटकळलेल्या पोराला दारातून परत पाठवलं की बाप भांडतो, पोर रडतं, मागचे ओरडतात आणि पाळणेवाला “जाऊ द्या, बसवा” म्हणतो. नियम तिथेच मोडतो.

आणखी एक गंमत बघितली असेल. पाळणेवाला एक डबा भरला की लगेच शेजारचा भरत नाही, चाक अर्धं फिरवून समोरचा भरतो. लोकांना वाटतं तो उगाच वेळ काढतोय. खरं तर एकाच बाजूला वजन झालं की चाक त्या बाजूला ओढ घेतं आणि मोटर, ब्रेक, शाफ्ट सगळ्यांवर ताण येतो. कठडा नसेल आणि माणसं दिसेल त्या डब्यात घुसली तर हा क्रमच मोडतो. रांग पाळण्याचा भाग आहे असं म्हटलं ते यासाठी.

गर्दीला कठडा नसेल तर काय होतं, हे महाराष्ट्राला माहीत आहे. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे ३०० भाविक गेले. तो दिवसही पौष पौर्णिमेचाच होता, म्हसा यात्रेचीच तिथी. तिथे पाळण्याचा काही संबंध नव्हता, पण अरुंद वाट आणि मागून रेटा हे गणित सगळीकडे एकच. पाळण्यापुरतं बोलायचं तर रांग सरळ लांबवण्यापेक्षा कमरेएवढ्या पाइपांमध्ये वळणं देत न्यावी. कमी जागेत जास्त माणसं उभी राहतात, मागचा धक्का थेट दारापर्यंत पोचत नाही आणि पुढे सरकल्यासारखंही वाटतं. ते वाटणंही महत्त्वाचं आहे. डेव्हिड मेस्टर या अभ्यासकाने १९८५ साली रांगेच्या मानसशास्त्रावर लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात म्हटलंय की रिकामा बसलेला वेळ, काहीतरी करण्यात गेलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो. जत्रेत त्याची सोय आयतीच आहे, रांगेच्या कडेला भेळवाला उभा असतोच.

आपण काय बघायचं?

पाळण्यांच्या रचनेसाठी, चालवण्यासाठी आणि तपासणीसाठी २०१५ साली आयएसओ १७८४२ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. पण तिकीट काढताना आपल्या हातात कागद कुणी देत नाही, डोळे मात्र आपलेच असतात. पाच मिनिटं बाजूला उभं राहून एक फेरी बघा. पायाखालचे ठोकळे नीट बसलेत की विटांचे तुकडे कोंबलेत? डब्याची आडवी दांडी लागल्यावर चालक हाताने ओढून बघतो की नुसती ढकलतो? फिरत्या भागांवर जाळी आहे का? चालकाची नजर चाकावर आहे की फोनवर? वारा सुटल्यावर पाळणा थांबवतात का? मोकळे केस आणि ओढणी बांधून घ्या. आणि वर गेल्यावर सेल्फीसाठी उठून उभे राहू नका, डबा कलतो.

यात्रा उठली की हाच पाळणा रात्रीत सुटा होतो. पिना आणि बोल्ट पोत्यात जातात, दांड्या ट्रकवर चढतात. पोत्यात टाकताना कुणी त्या मोजल्या, वाकलेल्या बाजूला काढल्या, तर पुढच्या गावातली दुरुस्ती तिथेच सुरू झालेली असते.