पाच तारांची पडदाविरहित बेस गिटार

पाच तारांची पडदाविरहित बेस गिटार हे खर्जातील स्वर देणारे विद्युत तंतुवाद्य आहे. इंग्रजीत ‘फ्रेटलेस बेस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाद्यप्रकाराचे हे विस्तारित रूप होय. नेहमीच्या बेस गिटारला चार तारा असतात आणि स्वरस्थाने निश्चित करणारे धातूचे पडदे असतात. या वाद्यात पडदे नसतात आणि चार तारांच्या खाली आणखी एक, बहुधा ‘बी’ स्वराची, जाड तार असते. पडद्यांच्या अभावामुळे अखंड मींड घेता येते, मात्र सुरेलपणाची सर्व जबाबदारी वादकाच्या कानावर व बोटांवर येते. तयार पडदाविरहित वाद्ये बाजारात कमी असून पाच तारांची त्याहूनही कमी असतात. त्यामुळे मर्यादित खर्चात असे वाद्य निवडताना त्याच्या रचनेची माहिती असणे आवश्यक ठरते.

रचना

वाद्याचे मुख्य भाग म्हणजे लाकडी धड, दांडी, दांडीवर बसवलेली बोटपट्टी, खुंट्या, नट, घोडी आणि तारांची कंपने विद्युत संकेतांत रूपांतरित करणारे पिकअप. दांडीच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते. तारांच्या ताणामुळे दांडीला येणारा बाक तिच्या साहाय्याने कमीजास्त करता येतो.

पडदे असलेल्या वाद्यात तारेचे कंपन धातूच्या कडेवर संपते, त्यामुळे आवाज स्पष्ट व टणक येतो. पडदाविरहित वाद्यात तार बोटाचे मऊ टोक आणि बोटपट्टी यांच्यामध्ये दाबली जाते. उंच वारंवारतेचे उपस्वर काही प्रमाणात शोषले जातात, आघात सौम्य होतो आणि तार पट्टीला हलकेच स्पर्श करत कंप पावल्याने स्वर उमटल्यानंतर फुलत जातो. या परिणामास वादक ‘म्वाह’ असे ध्वनिअनुकारी नाव देतात.

बोटपट्टीसाठी शिसवी, एबनी किंवा कृत्रिम राळेचे कठीण पदार्थ वापरले जातात. जगभर गिटारसाठी वापरले जाणारे भारतीय शिसवी लाकूड महाराष्ट्रातील पानझडी जंगलांतही आढळते. या वृक्षाच्या संपूर्ण प्रजातीवर २०१७ पासून सायटिस कराराचे निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यातून सूट देण्यात आली.

काही वाद्यांच्या बोटपट्टीवर पडद्यांच्या जागी बारीक रेषा असतात, तर काहींची पट्टी कोरी असते. कोऱ्या पट्टीच्या वाद्यात दांडीच्या बाजूवरील ठिपके हाच दृश्य आधार असतो. हे ठिपके स्वरस्थानावरच आहेत की पडद्यांच्या वाद्याप्रमाणे दोन स्थानांच्या मध्ये, हे वाद्यागणिक बदलते.

तारा आणि स्वर

तारांची प्रचलित जुळणी खालून वर पुढीलप्रमाणे असते:

पाचवी तार – बी – ३०.८७ हर्ट्झ
चौथी तार – ई – ४१.२० हर्ट्झ
तिसरी तार – ए – ५५.०० हर्ट्झ
दुसरी तार – डी – ७३.४२ हर्ट्झ
पहिली तार – जी – ९८.०० हर्ट्झ

तारेचा स्वर तिची लांबी, ताण आणि दर एकक लांबीचे वस्तुमान यांवर अवलंबून असतो. तेवढ्याच लांबीवर खालचा स्वर मिळवायचा तर तार जड करावी लागते किंवा ताण कमी करावा लागतो. ‘बी’ तारेची जाडी साधारणतः ०.१२५ ते ०.१३० इंच, म्हणजे सुमारे ३.२ ते ३.३ मिलिमीटर असते. इतकी जाड तार ताठर असल्याने तिचे उपस्वर मूळ स्वराच्या अचूक पटीत राहत नाहीत आणि स्वर काहीसा संदिग्ध ऐकू येतो. बहुतेक बेस गिटारच्या तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच (सुमारे ८६४ मिलिमीटर) असते. ती ३५ इंच केल्यास त्याच तारेला त्याच स्वरासाठी सुमारे ६ टक्के अधिक ताण द्यावा लागतो आणि ‘बी’ तार अधिक घट्ट व स्पष्ट वाटते.

चौतीस इंची वाद्यात नटाजवळ पहिल्या अर्धस्वराचे अंतर सुमारे ४८ मिलिमीटर, तर बाराव्या स्थानाजवळ सुमारे २६ मिलिमीटर असते. अर्धस्वराचे शंभर भाग केले, तर एका भागासाठी बोट नटाजवळ सुमारे अर्धा मिलिमीटर आणि बाराव्या स्थानाजवळ सुमारे पाव मिलिमीटर सरकते. पडदे असलेल्या वाद्यात बोट पडद्यामागे कोठेही पडले तरी स्वर जवळपास तोच राहतो. पडदाविरहित वाद्यात मात्र बोटाच्या पेराएवढ्या फरकानेही स्वर स्पष्टपणे बेसूर होतो.

इतिहास

बेस गिटारचा पूर्वज असलेल्या डबल बेसला पडदे नसतात. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये आणलेल्या विद्युत बेसला ‘प्रिसिजन’ म्हणजे अचूकता हे नाव पडद्यांमुळेच मिळाले. पडदे काढून टाकण्याची सुरुवात एका स्वस्त वाद्यापासून झाली. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश वाद्यवृंदाचे बिल वायमन यांनी १९६१ मध्ये एका कमी किमतीच्या बेसचे पडदे नवे बसवण्याच्या हेतूने काढले. त्यानंतर आलेला आवाज आवडल्याने त्यांनी ते वाद्य तसेच ठेवले. अँपेग कंपनीने १९६६ मध्ये एयूबी-१ ही पडदाविरहित बेस उत्पादनात आणली आणि फेंडर कंपनीने १९७० मध्ये प्रिसिजन बेसची पडदाविरहित आवृत्ती काढली.

अमेरिकन वादक जॅको पॅस्टोरियस (१९५१–१९८७) यांनी १९७६ मधील आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतून आणि वेदर रिपोर्ट या जॅझ समूहातून या वाद्याला एकलवादनाचा दर्जा मिळवून दिला. त्यांनी वापरलेल्या १९६२ च्या जॅझ बेसच्या लाकडी पट्टीवर नौकाबांधणीत वापरल्या जाणाऱ्या इपॉक्सीचा थर होता.

पाचव्या तारेचा इतिहास स्वतंत्र आहे. फेंडरच्या १९६५ मधील पाचतारी बेसला खालची नव्हे, तर वरची ‘सी’ तार होती. खालच्या ‘बी’ तारेची पाचतारी बेस १९७० च्या दशकाच्या मध्यास जिमी जॉन्सन यांच्यासाठी अलेम्बिक कंपनीने बनवली. पुढे इबानेझ कंपनीने गॅरी विलिस यांच्या नावाने पडदाविरहित पाचतारी वाद्ये काढली. त्यांतील जीडब्ल्यूबी-३५ ही तुलनेने कमी किमतीची आवृत्ती होती.

भारतीय तंतुवाद्यांशी साम्य

पडदे नसलेली तंतुवाद्ये भारतीय श्रोत्यास अपरिचित नाहीत. सरोद, सारंगी आणि विचित्र वीणा ही शास्त्रीय संगीतातील, तर यवतमाळसह विदर्भात वस्ती असलेल्या परधान समाजाच्या परंपरेतील किंगरी हे लोकसंगीतातील उदाहरण होय. सतारीत तार पडद्यावर आडवी ओढून मींड घेतली जाते. बेस गिटारच्या जाड तारा अशा फारशा ओढता येत नाहीत, म्हणून खर्जातील दीर्घ मींडेसाठी पडदाविरहित रचनाच उपयोगी पडते. सरोदची बोटपट्टी गुळगुळीत धातूची असल्याने तिच्यावर स्वर अधिक काळ टिकतो. पॅस्टोरियस यांच्या इपॉक्सीच्या थरामागील तत्त्वही हेच आहे.

मर्यादित खर्चातील निवड

पाचवी तार आणि पडद्यांचा अभाव या दोन वैशिष्ट्यांच्या अडचणी एकमेकींत भर घालतात. पडदे नसताना स्वर ऐकून जागा शोधावी लागते आणि ‘बी’ तारेचा स्वर मुळातच संदिग्ध असेल तर कानाला आधार उरत नाही. त्यामुळे कमी किमतीच्या वाद्यात लाकडाची शोभा, रंग किंवा पिकअपचा दर्जा यांपेक्षा सरळ व मजबूत दांडी, सपाट बोटपट्टी आणि स्पष्ट ‘बी’ तार यांना अधिक महत्त्व असते. पिकअप, खुंट्या व घोडी नंतर बदलता येतात, पण पिळलेली दांडी सहसा किफायतशीरपणे दुरुस्त होत नाही.

निवडीचे चार मार्ग प्रचलित आहेत.

तयार वाद्य: कारखान्यात बनलेले पडदाविरहित पाचतारी वाद्य. यात बोटपट्टी व नटाची उंची पडद्यांविना वादनासाठीच राखलेली असते. पर्याय थोडे असल्याने किंमत व उपलब्धता या अडचणी राहतात.

वापरलेले वाद्य: नव्या वाद्याच्या तुलनेत स्वस्त. खरखरीत तारांमुळे पट्टीवर पडलेल्या चरांची पाहणी आवश्यक असते. उथळ चर घासून काढता येतात, मात्र दर वेळी पट्टीची जाडी कमी होते.

पडदे काढलेले वाद्य: साधी पाचतारी बेस घेऊन तिचे पडदे काढून घेणे. पडदे तापवून हळूहळू उपसले जातात, खाचा लाकडाच्या पातळ पट्ट्यांनी किंवा इपॉक्सीने भरल्या जातात आणि पट्टी घासून समतल केली जाते. खाचा रिकाम्या ठेवल्यास दांडी कमकुवत होते. त्यानंतर नटाच्या खाचा खोल करून घोडी खाली घ्यावी लागते. पट्टी घासल्यानंतर पडदे पुन्हा बसवणे खर्चिक असल्याने हा बदल व्यवहारतः कायमचा ठरतो.

चारतारी वाद्याची वेगळी जुळणी: चार तारांच्या पडदाविरहित बेसवर बी, ई, ए, डी अशा तारा चढवणे. नटाच्या खाचा रुंद कराव्या लागतात आणि वरची ‘जी’ तार मिळत नाही, परंतु खालचे स्वर कमी खर्चात उपलब्ध होतात.

प्रत्यक्ष तपासणीत पुढील बाबी पाहिल्या जातात:

• दांडीच्या टोकाकडून पाहिल्यास ती पिळलेली नसावी.
• ट्रस रॉड दोन्ही दिशांना फिरत असावा.
• ‘बी’ तार मोकळी छेडल्यावर आणि बाराव्या स्थानी दाबल्यावर स्वर स्थिर राहावा.
• प्रत्येक तारेवर सर्व स्थानी स्वर सारखा टिकावा. एखाद्या ठिकाणी तो चटकन विझू नये.
• बाजूच्या ठिपक्यांची जागा आणि प्रत्यक्ष स्वरस्थान यांचा मेळ ट्यूनरवर पडताळावा.

यवतमाळपासून नागपूर सुमारे १५० किलोमीटर अंतरावर आहे. मोठ्या शहराबाहेर राहणाऱ्या ग्राहकास अशी वाद्ये अनेकदा न हाताळताच मागवावी लागतात. अशा वेळी परत करण्याची मुदत व अटी आणि तारेची लांबी यांची आगाऊ माहिती घेणे विशेष महत्त्वाचे असते.

तारा आणि ध्वनिवर्धक

वाद्याच्या किमतीबाहेरील खर्चही विचारात घ्यावा लागतो. गोल तारेच्या गुंडाळीच्या तारा तेजस्वी आवाज देतात, पण शिसवीसारखी पट्टी लवकर झिजवतात. सपाट गुंडाळीच्या किंवा नायलॉनचे वेष्टन असलेल्या तारा पट्टी जपतात व आवाज मृदू करतात, मात्र पाच तारांचा असा संच सामान्यतः महाग असतो. सरावाच्या लहान ध्वनिवर्धकातून ३१ हर्ट्झचा मूळ स्वर जवळजवळ येत नाही. श्रोत्याला प्रामुख्याने ६२ हर्ट्झ व त्यावरील उपस्वर ऐकू येतात. म्हणून ‘बी’ तारेची परीक्षा चांगल्या हेडफोनवर किंवा मोठ्या ध्वनिवर्धकावर करणे योग्य मानले जाते.

हवामान आणि देखभाल

विदर्भात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते आणि हवा कोरडी असते, तर पावसाळ्यात आर्द्रता वाढते. लाकूड त्यानुसार आकुंचन व प्रसरण पावते आणि दांडीचा बाक बदलतो. पडदाविरहित वाद्यात तारा पट्टीच्या अगदी जवळ असल्याने हा बदल लगेच जाणवतो. ऋतुबदलानंतर ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक न फिरवता बाक सुधारला जातो. वाद्य उन्हात किंवा बंद वाहनात ठेवणे टाळले जाते. कोरड्या हवेत दांडी आकसून पडद्यांची टोके बाहेर येण्याचा त्रास मात्र या वाद्याला होत नाही, तसेच झिजलेले पडदे बदलण्याचा खर्चही वाचतो.

हे सुद्धा पहा

बेस गिटार
डबल बेस
सरोद
सारंगी
मींड