धाराशिवचा विद्यार्थी आणि जीवशास्त्राची पदवी

आपल्याकडे उच्च शिक्षणाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे विद्यापीठांच्या स्थापनेचीं वर्षें आणि कुलगुरूंचीं नांवें क्रमानें मांडावयाचीं, अशी चाल पडून गेली आहे. अशा इतिहासावरून विद्यापीठ कोठें निघालें हें कळतें. पण एखाद्या खेड्यांतील मुलाच्या दारापासून तें किती दूर होतें, हें कळत नाहीं. हें अंतर नुसतें कोसांनीं मोजून भागत नाहीं. तें भाषेनेंहि मोजावें लागतें. धाराशिव जिल्ह्यांतील विद्यार्थ्यानें जीवशास्त्राची पदवी कोणत्या वाटेनें मिळविली, एवढाच लहानसा प्रश्न घेऊन मागें पाहिलें, तर या दोन्ही अंतरांचा हिशेब आपल्यापुढें उभा राहतो.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, तेव्हां नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखालीं होता. १८५३ च्या तहानें तो निजामाकडून त्यांच्या हातीं आला होता आणि १८६० सालीं तो निजामास परत देण्यांत आला. या सात वर्षांच्या व्यवहारांत येथील रयतेस कोणी कांहीं विचारलें असेल, असें मानण्यास जागा नाहीं. पण त्याचा एक परिणाम पुढें जवळजवळ शतकभर टिकला. शेजारचे बार्शी आणि सोलापूर हे मुंबई इलाख्यांत राहिले व धाराशिव हैदराबाद संस्थानांत गेलें. एकच काळी जमीन, एकच ज्वारी, एकच तुळजाभवानी. परंतु मुलाच्या शिक्षणाची दिशा सरहद्दीच्या खांबापाशीं बदलूं लागली.

संस्थानांतील विद्यार्थ्यास हैदराबादेस निजाम कॉलेजांत जाऊन मद्रास विद्यापीठाची परीक्षा देतां येत असे. १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठाची सनद निघाली व पुढच्याच वर्षीं तेथें वर्ग सुरू झाले. ज्या निजामाच्या नांवानें धाराशिवचें उस्मानाबाद झालें, त्याच्याच नांवाचें हें विद्यापीठ. त्याचें वैशिष्ट्य असें कीं, पदवीपर्यंतचें सर्व शिक्षण तेथें इंग्रजीऐवजीं उर्दूंतून दिलें जाई. त्यासाठीं १९१७ सालींच एक भाषांतर-कचेरी उघडून शास्त्रीय ग्रंथ उर्दूंत आणण्याचें काम चालू झालें होतें. वनस्पतिशास्त्र तेथें ‘नबातियात’ झालें आणि प्राणिशास्त्र ‘हैवानियात’ झालें.

या प्रयोगाकडे कुचेष्टेनें पाहणें मला योग्य वाटत नाहीं. आधुनिक विज्ञान हिंदी भाषेंतून, म्हणजे या देशाच्या भाषेंतून, पदवीपर्यंत शिकवितां येतें, हें त्या विद्यापीठानें कृतीनें सिद्ध केलें. तेथील अध्यापकहि सामान्य नव्हते. प्राणिशास्त्राचे प्राध्यापक बी. के. दास यांचा, हवेंत श्वास घेणाऱ्या माशांवरील प्रबंध १९२७ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें प्रसिद्ध केला. तत्त्व बरोबर होतें. भाषेची निवड मात्र रयतेकडे पाहून झालेली नव्हती. संस्थानांत तेलुगू बोलणारे सर्वांत अधिक, त्यांच्या खालोखाल मराठी बोलणारे. उर्दू ही ज्यांची घरची भाषा, असे लोक थोडे. धाराशिवच्या मुलास इंग्रजीचा डोंगर चुकला खरा, पण त्याच्या जागीं दुसरा डोंगर उभा राहिला. हिप्परगा येथें १९२१ सालीं जी राष्ट्रीय शाळा निघाली, तिचें महत्त्व यावरून ध्यानांत येईल.

ज्यांना ऐपत होती, ते सरहद्द ओलांडीत. बार्शी लाइट रेल्वेची लहान गाडी १९११ पासून लातूरपर्यंत जाऊं लागली होती. ती धाराशिव शहरास स्पर्श करीत नसे. विद्यार्थी येडशी स्टेशन गांठीत, कुर्डूवाडीस मोठी गाडी पकडीत आणि पुण्यास फर्ग्युसनसारख्या कॉलेजांत नांव घालीत. १९४० सालीं सोलापुरास दयानंद कॉलेज निघाल्यावर हें अंतर आणखी कमी झालें. कांहींना जाणें राजकारणामुळें भाग पडलें. १९३८ सालीं ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानियांतून अनेक विद्यार्थी काढले गेले, तेव्हां नागपूर विद्यापीठानें त्यांना आश्रय दिला. शिक्षण अर्धें एका भाषेंत व अर्धें दुसरींत पुरें करणारे ते विद्यार्थी! त्यांच्यांतील विज्ञानशाखेच्या मुलांनीं एकाच पेशीचीं, एकाच पानाचीं किती नांवें पाठ केलीं असतील, याचा विचार वाचकांनींच करावा.

सप्टेंबर १९४८ मध्यें संस्थान मुक्त झालें. लवकरच उस्मानियाची भाषा इंग्रजी झाली. मराठवाडा १९५६ सालीं द्विभाषिक मुंबई राज्यांत आला आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजीं औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. १९९४ सालीं त्याच्या नांवांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव जोडलें गेलें. पुढें धाराशिव, उमरगा, तुळजापूर, नळदुर्ग येथें महाविद्यालयें निघालीं. शेतकऱ्याची मुलगी सकाळच्या एस. टी. नें जाऊन, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र व रसायन हे विषय घेऊन, संध्याकाळीं घरीं परतूं लागली. कोसांचें अंतर संपलें. ही गोष्ट लहान नव्हे. या जिल्ह्याच्या इतिहासांत ती कोणत्याहि लढाईइतकी मोठी आहे.

भाषेचें अंतर मात्र तसेंच राहिलें. बारावीपर्यंत विज्ञानाची मराठींतून ओळख झालेली असो वा नसो, पदवीचीं पुस्तकें व प्रश्नपत्रिका इंग्रजीच. महाराष्ट्र शासनानें परिभाषाकोश केले, विद्यापीठीय ग्रंथ मराठींत निर्माण करण्यासाठीं मंडळ स्थापिलें. पण ते ग्रंथ बहुधा कपाटांतच राहिले. कारण ज्या भाषेंत परीक्षा नाहीं, त्या भाषेंतलें पुस्तक विद्यार्थी उघडीत नाहीं.

एका तोंडी परीक्षेंतील प्रसंग मला विसरतां येत नाहीं. एका मुलीनें ‘पार्थेनियम हिस्टेरोफोरस’चें कुल, पुष्परचना, बीजप्रसार हें सर्व घडाघडा सांगितलें. “हें कोठें उगवतें?” असें विचारतांच ती म्हणाली, “अमेरिकेंत.” “गाजरगवत पाहिलें आहेस का?” असें मीं विचारलें. ती क्षणभर थबकली आणि मग हंसली. मग तिनें जें सांगितलें, तें पुस्तकांत नव्हतें: हें गवत खुरपून आईच्या हातांना कशी खाज सुटते, शेरडें त्याला तोंड कां लावीत नाहींत, पाऊस ओढला तरी पिकाआधीं तें कसें वर येतें. १९५५ च्या सुमारास पुण्यास प्रथम नोंदली गेलेली ही परदेशी वनस्पति तिच्या बांधावर कमरेइतकी वाढली होती, आणि तिच्या पाठांतरांत ती अजून अमेरिकेंतच होती. दोन्ही ज्ञानें तिच्याजवळ होतीं. मधला पूल मात्र कोणी बांधला नव्हता. त्या ‘कोणी’मध्यें मीहि आलों.

हा पूल बांधला म्हणजे काय होतें, हें मालवणच्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या चरित्रावरून दिसतें. गोड्या पाण्यांतील एका जातीचा जेलीफिश आफ्रिकेंतच आढळतो, अशी समजूत असतां, १९१२ च्या सुमारास त्यांनीं तो सह्याद्रीच्या नद्यांतून शोधून काढला. पुढें ते कलकत्त्यास वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले व १९४६ सालीं पुण्यास संशोधनसंस्था स्थापिण्यांत अग्रेसर राहिले. ती नदी त्यांच्यापूर्वींहि अनेकांनीं पाहिली होती. पण ग्रंथांतला प्राणी आपल्या डोहांत असूं शकेल, ही शंका त्यांनाच आली.

धाराशिवच्या विद्यार्थ्यास अशी शंका घेण्यास विषयांची वाण नाहीं. त्याच्या दारांत बांधलेली काळी, लोंबत्या कानांची शेळी ‘उस्मानाबादी’ या नांवानें देशभर ओळखली जाते. दुष्काळी चाऱ्यावर तगून ती वारंवार जुळीं करडें देते. तें कसें, हा प्रश्न आनुवंशिकीचा आहे. येडशीच्या रामलिंग घाटाचें रान अभयारण्य म्हणून राखलें आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१४ सालीं प्राण्यांचें विच्छेदन बंद करण्यास सांगितल्यापासून मेणाच्या तबकांतील बेडूक गेला. तेव्हां प्रयोगशाळेचें दार रानाकडे उघडण्यास आतां कारणहि मिळालें आहे.

जिल्ह्याला २०२३ सालीं धाराशिव हें जुनें नांव सरकारी दप्तरांत परत मिळालें. नांव परत मिळविण्यास ठराव पुरतो. ज्ञान घरीं आणण्यास तो पुरत नाहीं. इंग्रजी टाकावी असें माझें म्हणणें नाहीं. जगाशीं बोलण्यास ती हवीच. परंतु प्रत्येक लॅटिन नांवापुढें विद्यार्थ्यानें आपल्या आजीचा शब्द लिहावा, आणि शिक्षकानें त्यालाहि गुण द्यावेत, एवढें तरी उद्यांच्या वर्गापासून करतां येईल. त्यासाठीं कोणत्याहि दरबारच्या सनदेची वाट पाहावयास नको.