कॅराव्हॅन पर्यटन (सातारा व सांगली जिल्हे)

झोपण्याची, स्वयंपाकाची व प्रसाधनगृहाची सोय असलेल्या मोटार वाहनातून प्रवास करून त्याच वाहनात मुक्काम करण्याच्या पर्यटनप्रकारास कॅराव्हॅन पर्यटन असे म्हणतात. महाराष्ट्राच्या सातारा व सांगली जिल्ह्यांत या प्रकारच्या सहलीसाठी सागरेश्वर अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान ही दोन वनक्षेत्रे प्रामुख्याने विचारात घेतली जातात. ही दोन्ही क्षेत्रे वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. त्यामुळे वाहनाचा मुक्काम वनक्षेत्राबाहेर आणि वनदर्शन दिवसा, परवानगीने, अशी सहलीची विभागणी करावी लागते.

पार्श्वभूमी

बिऱ्हाड बरोबर घेऊन हिंडण्याची पद्धत या भागास नवी नाही. माणदेशातील मेंढपाळ धनगर दिवाळीच्या सुमारास संसार घोड्यावर लादून पश्चिमेकडे घाटमाथा व कोकणाकडे जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. माण तालुक्यातील शिखर शिंगणापूरच्या चैत्री यात्रेसाठी पूर्वी बैलगाड्यांतून येणारे भाविक गाडीच्या आश्रयानेच तळ ठोकीत. मात्र 'छावणी' हा शब्द माणदेशात सहलीपेक्षा दुष्काळातील चारा छावणीसाठी अधिक रूढ आहे. पाण्याची टंचाई हे येथील जीवनाचे मूलभूत सत्य असून सहलीच्या नियोजनातही त्यास पहिले स्थान द्यावे लागते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. प्रत्यक्ष वाहन आणि ते उभे करून राहण्याचे सुविधायुक्त ठिकाण, म्हणजे कॅराव्हॅन पार्क, असे दोन घटक या धोरणात मानलेले आहेत. अशा ठिकाणी पाणी, वीजजोडणी, सांडपाण्याची विल्हेवाट व सुरक्षितता यांची व्यवस्था अपेक्षित असते. ज्या भागांत असे पार्क नाहीत तेथे कृषी पर्यटन केंद्र, निवासस्थान किंवा खाजगी जागामालक यांच्याशी आधी बोलून मुक्कामाची सोय करावी लागते.

वनक्षेत्रे

सागरेश्वर अभयारण्य: सांगली जिल्ह्यातील कडेगाव, पलूस व वाळवा या तालुक्यांच्या सीमेवर हे अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १०.८७ चौरस किलोमीटर असून १९८५ मध्ये त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. हे वन मानवनिर्मित आहे. स्वातंत्र्यसैनिक व वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने येथील उघड्या डोंगरांवर वृक्षलागवड झाली. त्यानंतर कुंपण घालून हरणे सोडण्यात आली. चितळ, सांबर, काळवीट, भेकर, रानडुक्कर, साळिंदर इत्यादी प्राणी येथे आढळतात. माथ्यावरून कृष्णेचे खोरे व उसाची शेती दिसते. पायथ्याशी सागरेश्वराचा प्राचीन मंदिरसमूह आहे. यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव देवराष्ट्रे जवळच आहे. क्षेत्र लहान असल्याने ते पाहण्यास एक दिवस पुरतो.

चांदोली राष्ट्रीय उद्यान: सांगली, सातारा, कोल्हापूर व रत्नागिरी या जिल्ह्यांत पसरलेले हे उद्यान सुमारे ३१८ चौरस किलोमीटरचे आहे. १९८५ मध्ये अभयारण्य व २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून ते घोषित झाले. २०१० मध्ये चांदोली व कोयना अभयारण्य मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटाचा समावेश झाला, त्यात ही दोन्ही क्षेत्रे आहेत. वारणा नदीवरील धरणाचा वसंतसागर जलाशय, सदाहरित व निमसदाहरित वने, जांभ्या दगडाचे सडे, तसेच गवा, अस्वल, बिबट्या, रानकुत्रा व शेकरू हे प्राणी ही उद्यानाची वैशिष्ट्ये आहेत. या वनासाठी अनेक गावांना आपली घरे व शेते सोडून अन्यत्र पुनर्वसन स्वीकारावे लागले आहे.

कायदेशीर बंधने

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात परवान्याशिवाय प्रवेश करता येत नाही. पर्यटनासाठी असा परवाना मिळू शकतो. मात्र दिवसाच्या प्रवेशाच्या परवान्यावर आत रात्रीचा मुक्काम करता येत नाही. आत आग लावणे, पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र नेणे व वन्यप्राण्यांना त्रास देणे हे गुन्हे आहेत. प्रवेशाच्या वेळा, शुल्क, साप्ताहिक सुट्टी व मार्गदर्शकाविषयीचे नियम वन विभाग ठरवतो. ते निघण्यापूर्वी विभागाच्या कार्यालयातून समजून घ्यावेत. ७,५०० किलोग्रॅमपर्यंत एकूण वजनाचे वाहन हलक्या मोटार वाहनाच्या अनुज्ञप्तीवर चालवता येते. त्याहून जड वाहनासाठी वेगळी अनुज्ञप्ती लागते.

सहलीचे नियोजन

हंगाम: माण तालुक्यात वर्षाला साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर चांदोली-कोयनेच्या पश्चिम भागात तो ४,००० मिलिमीटरहून अधिक असतो. पावसाळ्यात चांदोलीचे पर्यटन बंद असते आणि कच्च्या जागेवर जड वाहन रुतते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा आहे. मार्चपासून गवत वाळते व वणव्याचा धोका वाढतो. बंद वाहनात दुपारचा उकाडाही असह्य होतो.

मार्ग: माणकडून दहिवडी, मायणी व विटा या मार्गाने कडेगावकडे व तेथून सागरेश्वरास जाता येते. पुढे चांदोलीसाठी पुणे-बंगळूर महामार्गावरील पेठ नाक्यावरून शिराळा व वारणावतीकडे जावे. शिराळ्यापुढील रस्ता वळणांचा असल्याने मोठे वाहन सावकाश चालवावे लागते. वाहनाची उंची आधी मोजून ठेवावी. खेड्यांतील लोंबत्या वीजतारा व झाडांच्या फांद्या हा मोठा अडथळा ठरतो. सहलीचा हंगाम आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम एकच असतो. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर व बैलगाड्या रात्री अंधारात चटकन दिसत नाहीत, म्हणून प्रवास सूर्यास्तापूर्वी संपवावा.

मुक्कामाची जागा: जागा समतल, कठीण जमिनीची व वस्तीजवळ असावी. नदीपात्र, ओढा, धरणाचा काठ व मोठ्या झाडाची वाळकी फांदी यांपासून वाहन दूर ठेवावे. धरणातून पाणी सोडल्यास पात्रातील पातळी अचानक वाढते. गायरान मोकळे दिसले तरी ते गावाच्या उपयोगाचे असते. तेथे थांबण्यापूर्वी ग्रामपंचायतीची संमती घ्यावी. लहान वाहन उपलब्ध असल्यास कॅराव्हॅन मुक्कामी ठेवून वनात त्याने जाणे सोयीचे ठरते.

पाणी: चार माणसांना पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दिवसाला किमान २० लिटर पाणी धरावे. अंघोळ व प्रसाधनगृह यांचा हिशेब वेगळा करावा. टाकी मोठ्या गावात भरून घ्यावी. टँकरवर अवलंबून असलेल्या वाडीच्या आडावर किंवा हातपंपावर शंभर लिटरची टाकी भरणे म्हणजे एखाद्या कुटुंबाच्या वाट्याचे दिवसाचे पाणी नेणे होय.

सांडपाणी व कचरा: भांडी व अंघोळीचे पाणी एका टाकीत आणि मैला दुसऱ्या बंद टाकीत साठवला जातो. दोन्ही टाक्या ओढ्यात, चरीत किंवा शेतात रिकाम्या करू नयेत. मैल्याची टाकी केवळ सोय असलेल्या ठिकाणीच रिकामी करावी. अशी ठिकाणे विरळ असल्याने सहलीचे दिवस टाकीच्या क्षमतेवरून ठरवावेत. उरलेले अन्न उघडे ठेवल्यास माकडे व रानडुकरे वस्तीकडे येऊ लागतात आणि पुढे त्याचा त्रास शेतकऱ्यांना होतो.

अग्नी व वीज: स्वयंपाक वाहनातील गॅसवर, खिडकी उघडी ठेवून करावा. झोपताना सिलिंडरची झडप बंद करावी. बंद वाहनात कोळशाची शेगडी पेटवल्यास विषारी वायूने जीव जाऊ शकतो. शेकोटी टाळावी. सागरेश्वरासारखे हाताने लावलेले, कोरड्या हवेतील वन वाढण्यास अनेक दशके लागली आहेत. वाळक्या गवतावर पडलेली एक ठिणगी ते श्रम काही तासांत नष्ट करू शकते. जनित्राचा आवाज व प्रखर दिवे निशाचर प्राण्यांना विचलित करतात, म्हणून रात्री विजेरी संचावर भागवावे.

हेही पाहा

सागरेश्वर अभयारण्य
चांदोली राष्ट्रीय उद्यान
सह्याद्री व्याघ्र प्रकल्प
कोयना अभयारण्य
माणदेश