अस्सल, नक्कल आणि घरचा पडदा

मोडी पत्र हाती आले की अभ्यासकाचा पहिला प्रश्न असतो : अस्सल की नक्कल? आणि नक्कल असेल तर कितवी? वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. साधनचिकित्सेची ही शिस्त मराठी संशोधनाच्या अंगवळणी पडली, त्यात त्यांचा वाटा मोठा. चित्रपटाला मात्र हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. बुलढाण्यात एखाद्या घरी ६५ इंची फोर-के टीव्ही आणि सहा स्पीकरचा संच आला, त्यावर ‘संत तुकाराम’ लावला आणि चित्र धूसर, आवाज घोगरा निघाला, की दोष यंत्राला दिला जातो. बहुतेक वेळा तो साधनाचा असतो. (मराठीत ‘प्रत’ म्हणजे नक्कलही आणि दर्जाही. भाषेला हे आधीच ठाऊक होते.)

‘संत तुकाराम’ १९३६ सालचा. पुण्याच्या प्रभातची निर्मिती, दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्या काळची ३५ मिलिमीटरची फीत नायट्रेटची, अतिशय ज्वालाग्राही. मूळ निगेटिव्हवरून प्रत, प्रतीवरून दुसरी निगेटिव्ह, तिच्यावरून पुन्हा प्रत, अशा प्रत्येक पिढीत बारकावे झिजतात. पांढऱ्या धोतराच्या चुण्या नाहीशा होऊन नुसता पांढरा डाग उरतो. सावलीतले चेहरे काळोखात बुडतात. ध्वनीही त्याच फितीच्या कडेला, एका अरुंद पट्टीत छापलेला. तिच्यावरचा ओरखडा आणि धूळ कानाला खरखर म्हणून ऐकू येते.

आता वऱ्हाडाची बाजू. बुलढाणा जिल्हा चित्रपट वितरणाच्या ‘सीपी-बेरार’ क्षेत्रातला. मध्यप्रांत-वऱ्हाड हा प्रांत केव्हाच इतिहासजमा झाला, धंद्याच्या भाषेत मात्र त्याचे नाव टिकून आहे. शेकडो खेळ झेलून प्रती मोठ्या शहरांतून लहान गावांकडे सरकत. मलकापूर, शेगाव ही रेल्वेवरची गावे. चिखली-मेहकर त्याहून आत. फीत तुटली की जोड लावताना काही चौकटी कापल्या जात आणि एखाद्या गाण्यातला शब्दच गळून पडे. आडगावच्या प्रेक्षकाने जो चित्रपट पाहिला, तो मुंबईकराने पाहिलेला चित्रपट नव्हता, असे मी तरी म्हणेन.

पुढे व्हीसीडी आली. तिच्या एका चौकटीत ३५२ गुणिले २८८, म्हणजे १,०१,३७६ ठिपके. जुने चौकोनी चित्र फोर-के पडद्यावर पूर्ण उंचीने दाखवले की सुमारे ६२ लाख ठिपके भरावे लागतात. म्हणजे दर ६१ ठिपक्यांतला एक खरा, उरलेले ६० टीव्हीच्या अंदाजाचे. बखरकाराने मधल्या रिकाम्या जागा भराव्यात तसे.

आवाजाचे गणित याहून सोपे आहे. मूळ ध्वनी एकमार्गी. तो सहा स्पीकरमध्ये वाटला तर देऊळ प्रशस्त होत नाही, फक्त घुमते. मधल्या एकाच स्पीकरमधून ऐकावा, हे उत्तम. खरखर पुसणारी सोय अति वापरली तर तिच्याबरोबर टाळांची किणकिणही जाते. चित्र ‘गुळगुळीत’ करणाऱ्या सोयीचेही तेच : फितीचे कण पुसता पुसता पागनीसांच्या चेहऱ्यावरच्या रेषाही पुसल्या जातात.

‘राजा हरिश्चंद्र’ तर साधनचिकित्सेचा धडाच आहे. १९१३ सालच्या या चार रिळांच्या चित्रपटाचा काही भागच आज पाहायला मिळतो आणि तोही १९१७ सालच्या पुनर्निर्मितीचा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. शिवाय मूकपट बहुधा आजच्या सेकंदाला २४ चौकटींहून कमी गतीने चित्रित होत. ते २४ च्या गतीने दाखवले की माणसे तुरुतुरु पळतात आणि आपण फाळक्यांच्या नटांना हसतो.

जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातील फितींच्या कोठाराला आग लागली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपलेल्या नायट्रेट फिती तीत जळाल्या, प्रभातच्या चित्रपटांच्याही. अनेकांच्या सुरक्षित फितीवरच्या नकला आधी झाल्या होत्या, म्हणून ते चित्रपट वाचले. पण ज्यांचे अस्सल त्या दिवशी गेले, त्यांच्यासाठी ती नक्कलच आता सर्वांत जुने साधन आहे. यापुढे कितीही सूक्ष्म स्कॅन केले, तरी तिच्यावर जे उतरले नव्हते ते कोणत्याही पडद्यावर दिसणार नाही.