दुचाकीच्या वाट्याला आलेला रस्ता

पुण्याहून मोटारसायकलवर एकट्याने लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस मुंबईच्या दिशेने वळला, की द्रुतगती मार्ग त्याच्यासाठी बंद असतो. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या या ९४.५ किलोमीटरच्या मार्गावर दुचाकीला परवानगी नाही. म्हणून पहाटे शिवाजीनगर सोडलेली गाडी खडकी, दापोडी, पिंपरी-चिंचवड करत जुन्या हमरस्त्याला लागते. ही बंदी अनेकांना जाचते. पण तिच्यामुळेच शतकानुशतकांची वहिवाट असलेली वाट दुचाकीस्वारांच्या वाट्याला आली, हेही तितकंच खरं.

वाटेत आकुर्डी लागते. व्हेस्पाचा इटालियन परवाना संपल्यावर इथल्या बजाज ऑटोने १९७२ मध्ये चेतक स्कूटर आणली, राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव देऊन. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची, अशी तिची मागणी होती. त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिकची लूना आली. सायकलींचं पुणे पेट्रोलवर आलं ते या दोन गाड्यांवर बसून. पुढे २००१ मध्ये पल्सर आली आणि दोन चाकांवर घाट उतरून दूर जाण्याची हौस कॉलेजातल्या पोरांच्या आवाक्यात आली.

देहूरोड मागे पडलं की तळेगाव आणि वडगाव मावळ. राघोबादादांना पेशवाईच्या गादीवर बसवायला निघालेली इंग्रजी फौज बोरघाट चढून याच वाटेने पुण्यावर येत होती. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफगोळ्याने मारला गेला. ९ तारखेला फौज तळेगावला पोहोचली. आज मोटारसायकलला अर्धा तास लागतो त्या अंतराला पाच दिवस, कारण सोबत तोफा, सामानाच्या गाड्या आणि हजारो बैल. मराठ्यांनी पुढचा मुलूख उजाड करून ठेवला होता. दाणा नाही, वैरण नाही. अवजड तोफा तळ्यात टाकून फौज रात्रीची माघारी फिरली. महादजी शिंद्यांच्या सैन्याने तिला वडगावला कोंडलं आणि तिथेच तहावर सह्या झाल्या. मराठ्यांनी मात्र शत्रूच्या त्या कॅप्टनचं शौर्य मान्य केलं. ‘इष्टुर फाकडा’ या नावाने त्याची समाधी वडगावात आहे.

कार्ल्याला गाडी उभी करून लेणी चढावीत. चैत्यगृहाच्या दाराशी कोरलेला ब्राह्मी लेख सांगतो, की हे शैलगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने पूर्ण करवलं. वैजयंती म्हणजे कर्नाटकातलं बनवासी. तिथला व्यापारी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी मावळातल्या डोंगरात पैसा ओततो, कारण घाटावरचा माल कोकणातल्या बंदरांकडे इथूनच उतरत असे. लांबच्या प्रवासाचा याहून जुना पुरावा या वाटेवर शोधायला नको.

खंडाळ्यानंतर खरा घाट. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रजांना दख्खन मुंबईशी चाकांवर जोडायची घाई झाली. लष्कर वर चढायला हवं होतं, कापूस खाली बंदरात पोहोचायला हवा होता. गव्हर्नर जॉन माल्कमने बांधवून घेतलेला बोरघाटाचा रस्ता १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला झाला. १८५८ मध्ये पुण्याची रेल्वे खंडाळ्यापर्यंत आली, पण घाटातले बोगदे पुरे व्हायला १८६३ उजाडलं. मधली पाच वर्षं उतारूंनी खंडाळा ते खोपोली हा टप्पा पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत काढला. घाटातलं रेल्वेचं काम करताना रोगराईने आणि अपघातांनी हजारो मजूर मेले. त्यांची नावं कुठेही कोरलेली नाहीत.

त्या मजुरांच्या वतीने जणू शिंग्रोबा उभा आहे. इंग्रज इंजिनिअरला घाटाची वाट दाखवणारा हा धनगर. बक्षीस म्हणून त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि गोळी खाल्ली, असं लोक सांगतात. कागदोपत्री याला आधार असो वा नसो, त्याच्या देवळापाशी ड्रायव्हर आजही नाणं टाकतात, स्वार क्षणभर थांबतात. पुढचा उतार गिअरमध्येच उतरायचा. गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायला जाणाऱ्याचे ब्रेक ऐन वळणावर दगा देतात.

१८३० च्या त्या कामातला एक पूल, जुन्या जाहिरातीवरून ‘अमृतांजन पूल’ म्हणून ओळखला जाणारा, एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत रस्ते ओस असताना सुरुंग लावून पाडण्यात आला. त्याच्या खांबांमुळे द्रुतगती मार्गावर वाहतूक तुंबत होती. पाडणं समजू शकतं. पण पूल जिथे होता, तिथे त्याचं साल आणि घाटात राबलेल्या मजुरांची आठवण सांगणारा ठळक फलक सरकारने लावायला हवा. तोवर वडगावची समाधी, कार्ल्याचा शिलालेख आणि शिंग्रोबाचं देऊळ आहेच. पुढच्या खेपेला या रस्त्याने निघालात, तर तिन्ही ठिकाणी गाडी स्टँडवर लावा.